प्रिंटरच्या डब्याला एक नंबर

नंबरांवरून माणसं किती डोकं खाऊ शकतात हे मला माझ्या धंद्याने शिकवलं. मी छोट्या ऑफिसांमधले कंप्युटर एकमेकांना जोडून देते. वायरी ओढायच्या, राउटर बसवायचा, प्रिंटर सगळ्यांना वापरता येईल असा करायचा आणि मग वर्षभर "मॅडम, नेट गेलं" हे वाक्य ऐकत राहायचं. कोपरखैरण्यात राहते, स्कूटरवर हिंडते. वाशीच्या एपीएमसीतल्या कांद्याच्या गाळ्यांपासून तळोज्याकडे नावड्यापर्यंत माझी गिऱ्हाइकं पसरलेली आहेत. पन्नाशी उलटलेली बाई शिडीवर चढून छताच्या पट्ट्या सरकवते हे बघायला लोक हातातलं काम टाकून उभे राहतात. आधी मला राग यायचा. आता मी त्यांनाच शिडी धरायला लावते.

उरणच्या रस्त्यावरचं एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस हे माझं असंच एक गिऱ्हाईक. बंदरातून कंटेनर उचलायचे आणि ट्रेलरवर घालून गोदामांपर्यंत पोचवायचे, हे त्यांचं काम. मालक तिथल्याच गावचे. पूर्वी शेती होती, थोडं मिठागर होतं. ते गेलं, त्या बदल्यात प्लॉट मिळाला आणि प्लॉटवर इमारत उभी राहिली. तळमजल्यावर ऑफिस, मागे ट्रेलर उभे करायचं आवार आणि वजनकाटा, वरच्या मजल्यांवर घर. अख्खं गाव त्यांना दादा म्हणायचं, म्हणून मीही दादाच म्हणायचे. माणूस मनाने वाईट नाही. माझे पैसे कधी थकवले नाहीत, आणि जेवायच्या वेळेला गेले तर वरून ताट आल्याशिवाय राहत नसे. पण त्यांना एक नंबरचं वेड होतं.

वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. त्यांची स्वतःची गाडी एक नंबरची. प्रत्येक ट्रेलरच्या प्लेटवर शेवटी एक, आणि तो मिळावा म्हणून आरटीओत हवे तेवढे मोजायची तयारी. मोबाइलच्या शेवटी एक. ऑफिसच्या गाळ्यावर एवढा मोठा सोनेरी एक, की आत काय चालतं ते लिहायला पाटीवर जागाच उरली नव्हती. त्या पट्ट्यात हे नवीन नाही म्हणा. हळदीला कोणाच्या दारात कोणत्या नंबराच्या गाड्या लागल्या होत्या यावर तिथे महिनाभर चर्चा होते. माझ्या स्कूटरच्या नंबराची बेरीज करून दादांनी एकदा खेदाने मान हलवली होती. "विका ही," म्हणाले. मी म्हटलं, ॲव्हरेज चांगलं देते.

तर या ऑफिसात मला बोलावलं ते प्रिंटरसाठी. कारण त्यांच्याकडे कागदपत्रांच्या टेबलावर नवीन माणूस बसलं होतं, आणि ते माणूस म्हणजे दादांच्या धाकट्या भावाची बायको.

भाऊ आजारपणात गेला होता. बंदराचे गेटपास, ट्रेलरच्या बिल्ट्या, म्हणजे कोणत्या गाडीत कोणता माल कुठे चाललाय त्याचा कागद, हे सगळं तोच बघायचा. त्याच्यामागे ते टेबल बरेच दिवस रिकामं होतं. मग तिनेच सासूमार्फत विचारलं, मी बसू का? माहेर तिचं मोऱ्याचं, बारावीनंतर कंप्युटर शिकलेली, नवरा घरी आणायचा ती कामं तीच टाइप करून द्यायची. दादांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. "एक महिना बस," म्हणाले. "जमला तं टेबल तुजा. नाय जमला तं वर घर हाय, आई हाय. काय कमी हाय तुला?"

हे मला तिनेच सांगितलं, मी टेबलाखाली वायर शोधत असताना. ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनी. "मॅडम, येवडा नीट चालवून द्या," ती वाकून म्हणाली. "तो गेल्यापासून जिना उतरायला मना कारनच नव्हता. आता खाली यायला मिलतंय." मी नुसतं हं म्हटलं, कारण तोंडात स्क्रू धरले होते. पण ते माझ्या मनात राहिलं.

काम किरकोळ होतं. बिल्टीसाठी खडखड वाजणारा जुना प्रिंटर, ज्यात एका खाली एक कॉप्या निघतात. बाकी कागदांसाठी एक साधा लेझर. दोन्ही सगळ्यांना वापरता यावेत म्हणून मी एक प्रिंट सर्व्हर बसवला. नाव मोठं आहे, वस्तू पोळपाटापेक्षा लहान. काळा डबा. एका बाजूने त्याला प्रिंटर जोडायचे, दुसऱ्या बाजूने नेटवर्कची वायर. मग कुठल्याही कंप्युटरवरून छापा. डबा वहिनींच्या डोक्यावरच्या फळीवर, त्याचा प्लग त्यांच्याच टेबलाच्या बोर्डावर. त्याला पत्ता दिला आणि चहा प्यायला बसले. इथे दादा आले.

"ह्या डब्याचा नंबर काय?"

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं होतं. पत्ता म्हणजे आकड्यांची लांब ओळ. सुरुवातीचे आकडे ऑफिसातल्या सगळ्यांचे सारखे, शेवटचा प्रत्येकाचा वेगळा. एका सोसायटीत सेक्टर एकच, प्लॉट एकच, फक्त फ्लॅटचा नंबर वेगळा, तसंच ते.

"पन्नास," मी म्हटलं.

"पन्नास?" दादांनी कप खाली ठेवला. "माज्या हापिसात पन्नास नंबर?"

"दादा, तो पत्ता आहे. नंबरप्लेट नाही."

"एक नंबर कोनाला दिला?"

"राउटरला."

"तो कोन?"

आता याला काय सांगायचं! मी तरी सांगितलं. राउटर म्हणजे बाहेर जायचं दार. ऑफिसातल्या कोणत्याही यंत्राला इंटरनेटवर काही पाठवायचं झालं, की ते आधी एक नंबरकडे जातं. सगळ्या कंप्युटरमध्ये, कॅमेऱ्यांच्या मशीनमध्ये, हजेरीच्या मशीनमध्ये, वजनकाट्याच्या कंप्युटरमध्ये हाताने लिहून ठेवलंय, की बाहेर जायचं तर एक नंबर. तोच नंबर आणखी कोणाला दिला तर गोंधळ. दोन दारांवर एकाच फ्लॅटची पाटी लावली तर पोस्टमन कधी इथे जाईल, कधी तिथे.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बिल्टी निगाली का गाडी निगते. गाडी निगाली का पैसा येतो. म्हंजे धंद्याचा पयला पाय हा डबा. आनि एक नंबर कोनाला, तं त्या कोपऱ्यातल्या राउटरला? त्याला पन्नास द्या. ह्याला एक द्या."

खरं सांगायचं तर असं करता येतं. राउटर एक नंबरचाच असला पाहिजे असा काही कायदा नाही. पण मग ऑफिसातल्या एकूण एक यंत्रात जाऊन दाराचा नंबर बदलायचा. वजनकाट्याच्या कंप्युटरसाठी ती कंपनीवाली माणसं बोलवायची, ती कधी येतील ते त्यांनाच ठाऊक. आणि कशासाठी? तर कोणाच्याही बापाला न दिसणाऱ्या एका आकड्यासाठी! मी म्हटलं, दादा, हे मी करणार नाही, डबा पन्नासवर नीट चालतोय, चालू दे. दादा हसले. मला वाटलं, पटलं. मी पिशवी उचलली आणि निघाले.

चार दिवस शांततेत गेले. मग फोन. "मॅडम, नेट गेलं."

फोन करणारा तिथला जुना कारकून. साताऱ्याकडचा माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज बारीक. मी विचारलं, पूर्ण गेलं की येतंय-जातंय? "जातंय बी आन् येतंय बी," तो म्हणाला. माझ्या धंद्यात याहून वाईट उत्तर नाही. पूर्ण मेलेलं यंत्र परवडतं, ते निदान बिघडलेलं आहे हे कबूल करतं. मी सगळा खाडीकडचा धुळीचा रस्ता तुडवत, ट्रेलरांच्या मधून जीव मुठीत धरून पोचले, तर नेट व्यवस्थित चालू. कारकून म्हणाला, आत्ताच आलं. वहिनी टेबलावर नव्हत्या, वर गेल्या होत्या. टेबलाची बटणं बंद, पंखा बंद. मी राउटर तपासला, वायरी तपासल्या, काही सापडलं नाही.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी पोचले की नेट चालू, वहिनी वर. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती जोडणीची पेटी मी बदलली. पुन्हा तेच. मी भिंतीतून जाणारी मुख्य वायर बदलली, शिडीवर चढून, दादांचे दोन ड्रायव्हर शिडी धरून आणि माझ्याकडे बघत. पुन्हा तेच. इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी मी फोनवर असं भांडले की माझा स्वतःचाच आवाज मला ओळखू येईना. त्यांनी माणूस पाठवला. त्याच्यासमोर नेट असं धावलं की तो माझ्याकडे कीव येऊन बघायला लागला.

मी संतापाने जळत होते. मला बिघाडाचा राग येत नाही, लपणाऱ्या बिघाडाचा येतो. त्यात दादा. "मॅडम, बंदराची वेल चुकते," ते म्हणायचे. गेटपास वेळेवर निघाला नाही तर ट्रेलर फाटकाबाहेर उभा, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. त्यांचं खरंच नुकसान होत होतं, त्यामुळे मला उलट बोलताही येईना.

मग एके दिवशी मी निघताना कारकून आवारापर्यंत मागे आला. इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, एक बोलू का? वायरचं काय न्हाई ह्ये. तुमी उगा शिडीवर चढताय."

"मग कशाचं आहे?"

"वहिनी खाली आल्या की जातंय. वर गेल्या की येतंय." तो आवाज आणखी बारीक करून म्हणाला. "समद्यांनी बगितलंय. त्या एक दिवस माहेरी गेल्या हुत्या, दिवसभर नेट गेलं न्हाई. म्हणून तर तुमाला फोन करायच्या आधी आमी त्यास्नी वर पाठवतू. तुमी लांबनं येता, तुमच्यापुढं तरी चालू असाया पायजे."

मला आधी कळेचना. आणि कळलं तेव्हा माझं डोकं असं सटकलं! म्हणजे मी इतके दिवस ज्याचा शोध घेत होते ते मी यायच्या आधी हे लोक जिन्याने वर पाठवत होते, वर ते माझ्या सोयीसाठी. आणि सगळे मिळून ठरवून बसले होते, की नवरा गेलेली बाई, तिचा पायगुण. दादांच्या आईने तर घरात म्हटलं होतं, की मी आधीच सांगितलं होतं. दादा काही म्हणाले नव्हते. पण महिना संपत आला होता आणि त्या टेबलासाठी त्यांनी आपल्या मेहुण्याला विचारून ठेवलं होतं.

"तुम्हाला लाज नाही वाटत?" मी कारकुनाला म्हटलं. चांगल्या मोठ्या आवाजात. ट्रेलरखाली झोपलेला ड्रायव्हर उठून बसला.

"मला काय वाटतंय त्याला काय किंमत हाय, मॅडम," तो म्हणाला. "नेट जातंय ह्ये खरं हाय न्हवं?"

खरं होतं. हाच तर वैताग होता. नुसती अंधश्रद्धा असती तर मी तिथल्या तिथे भांडून मोकळी झाले असते. पण ती आली की नेट जात होतं, गेली की येत होतं, आणि एका ऑफिसभर माणसांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता गेले, ऑफिस उघडायच्या वेळेला. कारकून अजून आला नव्हता, दादा बंदरावर गेले होते. नेट चालू होतं. मी वहिनींच्या समोरच्या खुर्चीत लॅपटॉप उघडून बसले. थोड्या वेळाने त्या जिन्यावरून आल्या. मला बघून थबकल्या.

"तुमी आल्या म्हंजे मी वर जाते," त्या म्हणाल्या. चेहरा असा, की कोणीतरी सवय लावली आहे.

"कुठे जायचं नाही. रोज करता तसं करा सगळं."

त्यांनी टेबलावरून फडका फिरवला. कोपऱ्यातल्या देवाला उदबत्ती लावली. खुर्चीत बसल्या आणि बोर्डावरची बटणं एकामागून एक खाली केली. पंखा, कंप्युटर, प्रिंटर, डबा. जरा वेळ गेला आणि माझ्या लॅपटॉपवरचं नेट गेलं.

वहिनींनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "बगितला ना?" त्या म्हणाल्या. "माजाच काय तरी हाय."

"गप्प बसा जरा," मी म्हटलं. मी त्यांच्यावर नाही, त्या लॅपटॉपवर ओरडले होते. एक नंबरच्या पत्त्यावर कोण बसलंय ते मी यंत्राला विचारलं. प्रत्येक यंत्राची कारखान्यातून आलेली एक खूण असते, ती ते लपवू शकत नाही. उत्तर आलं ते राउटरचं नव्हतं. मी बोर्डावरचं डब्याचं बटण बंद केलं. नेट आलं. चालू केलं. गेलं.

मी खुर्चीवर चढून फळीवरचा डबा ओढला. भिंतीकडच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, नंबरप्लेटच्या दुकानात मिळतो तसा सोनेरी आकडा चिकटवलेला होता. एक. वर हळदीकुंकवाची बोटं.

मग वहिनींनी सांगितलं. मी पहिल्या दिवशी नाही म्हणून गेले, त्याच्या दोन दिवसांनी संध्याकाळी ऑफिसातले कॅमेरे बसवणारा कॅमेरेवाला आला होता. ज्याला मी नाही म्हटलं होतं ते त्याने एका चहात करून दिलं. डब्याला एक नंबर, कंप्युटरांवर प्रिंटरचा पत्ता एक. राउटरला हात लावला नाही. बिल्टी निघाली, सगळ्यांनी बघितली, तो गेला, दादांनी नारळ फोडला. त्या दिवसापासून एका फ्लॅटची पाटी दोन दारांवर होती. आणि ते दुसरं दार रोज सकाळी उघडायचं आणि वर जाताना बंद करायचं काम, पंखा बंद करतो त्या सवयीने, वहिनी करत होत्या. त्या माहेरी गेल्या त्या दिवशी कारकुनाने जुन्या बुकातून हाताने बिल्ट्या फाडल्या, डबा दिवसभर बंद, नेट दिवसभर चालू.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरच उभी राहून हसले. "चला," मी म्हटलं, "येऊ द्या दादांना. सगळ्यांना गोळा करते, आईंना पण खाली बोलवा. त्यांच्यासमोर हा डबा चालू-बंद करून दाखवते. कोणाचा पायगुण आहे ते बघू दे अख्ख्या गावाला."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी उठून ऑफिसचं दार लोटलं.

"नको, मॅडम."

"नको काय? तुमची काहीच चूक नाही. सगळी चूक त्यांची आहे."

"तेच तं." त्या अगदी हळू बोलत होत्या. "दादांची चूक लोकांम्होरं निगाली, तं मना या टेबलावर बसून देतील का? मी रोज त्यांच्या डोल्यांसमोर. रोज त्यांना आठवन येल." मग म्हणाल्या, "तुमी भांडून घरी जाल. मना वर जायचं हाय."

मी खाली उतरले. माझ्याकडे पुरावा होता, स्वच्छ, वाद घालायला जागा नसलेला, इतक्या दिवसांच्या खेपांनंतर हाती लागलेला, आणि तो गिळायचा होता. मला भयंकर राग आला होता. दादांचा, त्या कॅमेरेवाल्याचा, आणि थोडा वहिनींचासुद्धा, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

"मग मी काय सांगू? का जात होतं नेट?"

त्यांनी विचार केला. "उंदीर सांगा. उंदरानं वायर खाल्ली."

"उंदीर तुम्ही आल्यावरच खातो?"

"तुमी सांगितला तं पटेल," त्या म्हणाल्या.

डब्याला पुन्हा पन्नास नंबर देऊन मोकळं व्हावं, सोनेरी आकडा तसाच ठेवावा, असं मी सुचवलं. वहिनी म्हणाल्या, तेही जमणार नाही. दादा पाहुण्यांना दाखवायचे. कंप्युटरवर शेवटी एक असलेला तो पत्ता टाकायचा की डब्याचं पान उघडतं, त्यावर प्रिंटरचं चित्र. बघा, आपला एक नंबर. म्हणजे डबा एकवरच राहायला हवा होता. म्हणजे पहिल्या दिवशी मी जे करणार नाही म्हणून छाती ठोकून सांगितलं होतं, तेच आता मुकाट्याने करायचं होतं.

ते मी केलं. राउटरला पन्नास दिला. मग एकेका कंप्युटरमध्ये जाऊन दाराचा नंबर बदलला, कॅमेऱ्यांच्या मशीनमध्ये बदलला, हजेरीच्या मशीनचा दोन इंचांचा स्क्रीन बोटाने दाबून दाबून बदलला. वजनकाट्याच्या कंपनीला फोन लावला, राउटर जळाला असं खोटं सांगितलं आणि त्यांना विचारत विचारत तिथलाही नंबर बदलला. मधेच कारकून आला, काय चाललंय म्हणाला. "उंदीर," मी म्हटलं. तो चहा सांगायला गेला.

राहिला पुरावा. उंदराने खाल्लेली वायर दाखवायला नको? पिशवीत जुन्या वायरीचा तुकडा होता. मी आणि वहिनी टेबलामागे जमिनीवर बसलो आणि मी पकडीने ती वायर कुरतडायला लागले. पहिली जागा फारच सरळ कापली गेली.

"असा कोन खातो?" वहिनी म्हणाल्या. "उंदीर हाय का शिंपी?"

त्यांनी पकड माझ्या हातातून घेतली आणि थोडं इथे, थोडं तिथे, तांब्याची तार दिसेल न दिसेल असं चावलं. मग वायर जमिनीवरच्या धुळीत घोळली. बघतो तर हुबेहूब. मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि त्या तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की पाठ हलत होती. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. तेवढ्यात बाहेर दादांची गाडी थांबली आणि त्या झटकन उठून खुर्चीत बसल्या.

दादांनी वायर हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. सगळे जमले होते, कारकून, दोन-तीन ड्रायव्हर. मी सांगितलं, वायर वहिनींच्या टेबलामागे होती. त्यांनी पंखा, प्रिंटर चालू केला की त्या जागी ताण यायचा आणि नेट जायचं. असं काही नसतं. माझ्या धंद्यातल्या कोणी हे ऐकलं असतं तर मला वाळीत टाकलं असतं. पण वहिनींनी म्हटलं होतं तेच खरं झालं. मी सांगितलं, म्हणून पटलं.

"मी काय बोलत होतो?" दादा सगळ्यांकडे बघून म्हणाले. "वायरच असनार. आनि ह्यांनी सगल्यांनी बिचारीच्या मागं लावला होता!"

सगळ्यांनी माना हलवल्या. कारकुनाने सर्वांत जोरात हलवली. मी दादांकडे बघितलं, मग वहिनींकडे. त्या स्क्रीनकडे बघून बिल्टी टाइप करत होत्या. बटण दाबलं, खडखड आवाज झाला, कागद निघाला. एक नंबरच्या डब्यातून. माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं की मी पटकन गार झालेला चहा तोंडात ओतला.

"बगा मॅडम," दादा मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "एक नंबर दिल्यापासून डब्याला काय झाला नाय. वायर गेली, डबा नाय गेला."

मी स्कूटरला किक मारली. त्या दिवशी खाडीपुलापर्यंत मी एकटीच मोठमोठ्याने बोलत गेले.

महिना संपला, दुसरा लागला, टेबलाचा विषय कोणी काढला नाही. त्या घरात होकार असाच देतात. मेहुण्याला वजनकाट्यावर बसवलं. दादांनी बाजारातून मोठा पिंजरा आणून वहिनींच्या टेबलामागे लावला आहे, त्यात रोज सुका बोंबील टांगतात. ऑफिसभर त्याचा वास असतो. उंदीर अजून एकही सापडलेला नाही, पण तो फार हुशार आहे असं सगळ्यांचं मत आहे.

मागच्या आठवड्यात पुन्हा कारकुनाचा फोन आला. "मॅडम, नेट गेलं."

"वहिनी खाली आल्यात का?" मी मुद्दाम विचारलं.

"आल्यात की, सकाळीच," तो म्हणाला. "त्यांचा काय संबंध? उंदीर असंल बगा."